सर्वस्व बुडाले, तरी नुकसान शून्य!

भारतीय करार कायद्याच्या ७३व्या कलमाखाली कायदा करणाऱ्यांनी काही उदाहरणे दिली आहेत. त्यांतील ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन गृहस्थ १८७२ सालापासून एकमेकांशी करार करीत आणि मोडीत आले आहेत. एका उदाहरणात ‘अ’ ठरल्या दिवशी ‘ब’ला काही रक्कम देण्याचे कबूल करतो आणि देत नाही. ती न मिळाल्यामुळे ‘ब’ला आपली देणी भागवता येत नाहीत आणि तो पुरता बुडतो. ‘अ’ने त्याला काय भरून द्यावे? मुद्दल आणि पैसे देईल त्या दिवसापर्यंतचे व्याज. याहून अधिक एक छदामही नाही. ‘ब’ बुडाला ही वस्तुस्थिती कायदा लपवीत नाही. उलट स्वतःच्या तोंडाने सांगतो. फक्त तिची किंमत तो शून्य धरतो.

हे उदाहरण निव्वळ पैशाच्या कराराचे आहे, जमिनीच्या विक्रीचे नव्हे, असा आक्षेप एखादा वकील घेईल आणि तो बरोबरही असेल. जमिनीच्या खरेदीदाराने करार मोडला तर विक्रेत्याची भरपाई वेगळ्या गणिताने काढतात. पण ते गणित मांडून पाहिले की उत्तर पुष्कळदा तेच येते. पुणे, नाशिक, ठाणे, रायगड या जिल्ह्यांत वाढत्या शहराच्या कडेला ज्याची दोन-चार एकर जमीन आहे, अशा शेतकऱ्याच्या जीवनमरणाचा प्रश्न या गणितात अडकलेला आहे. आणि श्रमिकांच्या बाजूने उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांनी मात्र तो वकिलांचा मामला समजून त्याकडे पाठ फिरवली आहे.

जमिनीचा व्यवहार एका दिवसात होत नाही. आधी साठेखत होते, मग यथावकाश खरेदीखत. हिशेबाच्या सोयीसाठी असे धरावे की जमीन दोन एकर, भाव एकरी ४० लाख, एकूण किंमत ८० लाख. साठेखताच्या दिवशी ८ लाख हातावर पडतात. उरलेले ७२ लाख बिगरशेती परवानगी मिळाल्यावर, अठरा महिन्यांच्या आत द्यायचे ठरते. शेतकऱ्याच्या डोक्यावर विकास सोसायटीची थकबाकी असते. उरलेल्या पैशांतून आतल्या तालुक्यात चार एकर बागायत घ्यावी, असा त्याचा बेत असतो आणि त्या जमिनीसाठी तोही तीन लाखांचा इसार देऊन बसतो. ताबा द्यायचा म्हणून एक खरीप पेरायचा राहतो. सारा संसार त्या ७२ लाखांच्या तारखेवर टांगलेला असतो.

आता बाजार मंदावतो, किंवा बिल्डरचा पैसा दुसऱ्या प्रकल्पात अडकतो. तारीख उलटते, पैसे येत नाहीत. शेतकऱ्याचा तीन लाखांचा इसार बुडतो, सोसायटीचे व्याज चढते, हंगाम गेलेला असतो. तो न्यायालयात जातो. न्यायालय त्याला विचारते, ज्या दिवशी करार मोडला त्या दिवशी जमिनीचा बाजारभाव काय होता? एकरी ४० लाखच असेल, तर ठरलेली किंमत आणि बाजारभाव यांत तफावत नाही. जमीन तुझ्याकडेच आहे. ती दुसऱ्याला वीक. नुकसान शून्य. भाव एकरी ४२ लाख झाला असेल, तर बिल्डरने करार मोडून तुझ्यावर उपकारच केले! भाव पडला होता हे शेतकऱ्यालाच शाबीत करावे लागते, तेही आसपासच्या खरेदीखतांच्या नकला काढून. आणि त्या खरेदीखतांत खरी किंमत कधीच लिहिलेली नसते, हे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील शिपायालाही ठाऊक असते.

तीन लाखांचा बुडालेला इसार, थकलेले कर्ज, पडीक राहिलेला हंगाम या नुकसानीला कायद्याच्या भाषेत दूरचे नुकसान म्हणतात. १८५४ साली इंग्लंडमधील ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीचा मोडका दांडा वेळेवर पोहोचवला गेला नाही म्हणून जो दावा झाला, त्यातून हा दंडक निघाला. करार मोडल्यावर सहज उद्भवणारे नुकसान तेवढे भरून मिळेल. विशेष परिस्थितीतून आलेले नुकसान हवे असेल तर ती परिस्थिती करार करतानाच दुसऱ्या पक्षाला ठाऊक असली पाहिजे. आपल्या ७३व्या कलमात हेच तत्त्व आहे. तत्त्व म्हणून ते अन्यायाचे नाही. पण साठेखताचा मसुदा करतो कोण? बिल्डरचा वकील. शेतकरी जमीन का विकतो आहे, आलेल्या पैशाचे काय करणार आहे, याची एक ओळही त्या मसुद्यात नसते. गावच्या पारावर बसलेल्या प्रत्येकाला जे ठाऊक असते, ते कागदावर नसल्यामुळे न्यायालयाला ठाऊक नसते.

निदान हाती आलेले ८ लाख तरी शेतकऱ्याचे झाले, असे कोणाला वाटेल. तेही नक्की नाही. करार कायद्याच्या ७४व्या कलमाने दंडाच्या कलमांना वेसण घातली आहे आणि १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ लावून दिला. दिल्लीतील एका मालमत्तेच्या १,१२,५०० रुपयांच्या त्या व्यवहारात खरेदीदाराने १,००० रुपये इसार आणि मागाहून २४,००० रुपये दिले होते. करार मोडल्यास पंचवीसही हजार जप्त, असे कलम होते. न्यायालयाने इसाराचे हजार रुपये जप्त होऊ दिले. नुकसान झाल्याचे दिसत नाही म्हणून २४ हजार मात्र होऊ दिले नाहीत. बिल्डरांच्या वकिलांनी हा धडा नीट गिरवला आहे. साठेखतात ५१ हजार रुपयांना इसार म्हणायचे आणि उरलेल्या साडेसात लाखांना किमतीचा हप्ता. शेतकऱ्याने तो हप्ता केव्हाच सोसायटीत भरलेला असतो. आता करार मोडणाऱ्यालाच तो व्याजासह परत करायची पाळी त्याच्यावर येते.

आता याच साठेखताची दुसरी बाजू पाहावी. त्या परिसरातून रस्ता निघतो, उद्योगवसाहत येते आणि भाव एकरी एक कोटीवर जातो. ठरलेली मुदत बिल्डरनेच पाळलेली नसते. वैतागलेला शेतकरी म्हणतो, आता व्यवहार नको. बिल्डर नुकसानभरपाई मागत बसत नाही. तो जमीनच मागतो. विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, ज्याला न्यायालयाच्या आवारात सारेजण स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट म्हणतात, त्याला ही मुभा देतो. मुदत टळून गेली हे उत्तर सहसा चालत नाही, कारण जमिनीच्या करारात मुदत हा कराराचा गाभा नसतो असे जुने गृहीत आहे. दावा आणायला त्याला तीन वर्षे असतात. दाव्याची नोटीस एकदा नोंदवली की त्या जमिनीला ना दुसरे गिऱ्हाईक मिळते, ना बँकेचे कर्ज. पंधरा वर्षांनी हुकूमनामा होतो आणि बिल्डर पंधरा वर्षांपूर्वीच्या भावाने उरलेले ७२ लाख मोजून कोट्यवधींची जमीन घेऊन जातो.

ही पंधरा वर्षे ते ७२ लाख कोठे असतात? बिल्डरच्याच धंद्यात! आपण पैसे देण्यास तयार व इच्छुक होतो एवढे त्याने सिद्ध केले की पुरे. न्यायालयाने खास हुकूम केल्याशिवाय रक्कम प्रत्यक्ष देऊ करण्याची वा न्यायालयात भरण्याची गरज नाही, असे त्या कायद्याच्या १६व्या कलमाखालील स्पष्टीकरणच सांगते. शेतकऱ्याची जमीन अडकून पडते. सावकाराचे भांडवल मोकळे फिरते. भाव चढला तर जमीन त्याची, पडला तर फार तर ५१ हजार गेले. सट्टेबाजारात अशा सवलतीसाठी रोख मोबदला मोजावा लागतो. येथे ती शेतकऱ्याच्या माथी फुकट मारली जाते आणि तिला कराराचे पावित्र्य असे भारदस्त नाव आहे.

दोन्ही बाजूंना दोन मापे का, याचे कायदेपंडितांचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. ते म्हणतात, जमीन ही अनन्य वस्तू आहे. एका जमिनीसारखी दुसरी नसते. म्हणून जमीन न मिळाल्याची भरपाई पैशाने होत नाही. १९६३च्या कायद्याच्या १०व्या कलमात हे गृहीत स्पष्ट शब्दांत लिहिले होते. विचार सुंदर आहे. पाच पिढ्या ज्या मातीत घाम गाळला तिच्यासारखी दुसरी माती नसते, हे शेतकऱ्याहून अधिक कोणाला कळते? पण हे अनन्यत्व कायद्याला आठवते ते खरेदीदार दारात उभा असतो तेव्हाच. विक्रेत्याचे नुकसान मोजायची वेळ आली की तीच जमीन एकाएकी बाजारातला माल होते. ७३व्या कलमाखालचे पहिले उदाहरण बंदुकीच्या दारूत लागणाऱ्या सोऱ्याचे आहे. ५० मण सोरा द्यायचा करार मोडला तर ठरलेला भाव आणि त्या दिवशीचा बाजारभाव यांतील फरक तेवढा द्यावा. जमिनीला वेगळे माप कायद्याने सांगितलेले नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९०७ साली एका निकालात म्हटले आणि तेव्हापासून माप तेच आहे. बिल्डर मागतो तेव्हा जमीन अनन्य. शेतकरी बुडतो तेव्हा जमीन म्हणजे ५० मण सोरा.

वास्तविक, ज्याच्यासाठी जमीन खरोखर सोऱ्यासारखी आहे तो बिल्डर होय. त्याला गट क्रमांकाशी देणेघेणे नाही, चटईक्षेत्राशी आहे. ही नाही तर शेजारची चालते. कित्येकदा तो साठेखताचे हक्कच पुढे तिसऱ्याला विकून मोकळा होतो. ज्याने बांधावर पाय ठेवला नाही त्याला जमिनीचे अनन्यत्व बहाल करायचे आणि ज्याची ती भाकरी आहे त्याला बाजारभावाचा तक्ता दाखवायचा, असा हा उफराटा न्याय आहे.

न्यायालयांना हे कधीच दिसले नाही असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. मदुराईतील एका घराच्या खटल्यात १९७८ साली ६० हजारांचा सौदा झाला होता आणि ५ हजार इसार दिला गेला होता. सहा महिन्यांची मुदत असताना खरेदीदार अडीच वर्षे स्वस्थ बसला आणि मग दावा घेऊन आला. दरम्यान भाव तिप्पट झाले होते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला घर देण्यास नकार दिला. भाव स्थिर असलेल्या काळातील तत्त्वे भाव भडकलेल्या काळात डोळे मिटून लावता येणार नाहीत, हा विचार त्या निकालात आहे आणि २०११ साली तो पुन्हा जोरकसपणे मांडला गेला. मुंबईतील एका सदनिकेचा १९६६ सालचा ६० हजार रुपयांचा करार २००२ साली निकाली निघाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदार बाईंना सदनिका दिली, पण आणखी ४० लाख रुपये भरण्याच्या अटीवर. म्हणजे वाढलेला भाव ही काही एकाच पक्षाची मिरास नव्हे, तो दोघांत वाटता येतो, हे देशातील सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले होते.

ही सारी दुरुस्ती ज्या फटीतून झाली ती फट म्हणजे न्यायालयाचा स्वेच्छाधिकार. करार कायदेशीर असला तरी प्रतिवादीवर अनपेक्षित संकट कोसळणार असेल तर करारपूर्तीचा हुकूम नाकारण्याची मोकळीक जुन्या २०व्या कलमात होती. २०१८ साली संसदेने ही फट बुजवली. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो स्वेच्छाधिकार काढून टाकला आणि ठराविक अपवाद सोडता करारपूर्तीचा हुकूम देणे न्यायालयावर बंधनकारक केले. त्याच दुरुस्तीने पायाभूत प्रकल्पांच्या कामाला खीळ घालणारे मनाई हुकूम देण्याचीही बंदी केली. व्यवसायसुलभता हा त्या काळचा परवलीचा शब्द होता. कोणाचा व्यवसाय सुलभ झाला, हे वेगळे सांगायला नको. ज्या एका कलमाच्या आधाराने तालुक्याच्या न्यायाधीशाला गरीब विक्रेत्याकडे माणूस म्हणून पाहता येत होते, ते गेले. आणि त्याविरुद्ध एकाही शेतकरी मोर्च्यात घोषणा उठली नाही.

बडे खरेदीदार अडचणीत येतात तेव्हा कायदा किती सूक्ष्म न्याय करू शकतो, हे दिल्लीच्या भिकाजी कामा प्लेसमधील भूखंडाच्या प्रकरणात दिसले. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या १९८२ सालच्या लिलावात एका कंपनीने ३ कोटी १२ लाखांची बोली लावून ७८ लाख इसार भरला. उरलेली रक्कम राहिली, वाटाघाटी व मुदतवाढी यांत वर्षे गेली. शेवटी प्राधिकरणाने इसार जप्त करून १९९४ साली तोच भूखंड ११ कोटी ७८ लाखांना विकला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्राधिकरणाचे नुकसान झालेले नसून फायदाच झाला आहे. जेथे नुकसान नाही तेथे जप्ती नाही. ७८ लाख व्याजासह परत करा. निकालात कायद्याच्या दृष्टीने खोट काढणे कठीण आहे. करार प्राधिकरणानेच मोडला असाही निष्कर्ष त्यात आहे. पण भाव वाढला म्हणून विक्रेत्याचे नुकसान नाही हे सूत्र सार्वजनिक संस्थेला लावणे निराळे आणि जिची सारी पुंजी एका सातबाऱ्यावर आहे अशा विधवेला लावणे निराळे. प्राधिकरण वीस वर्षे थांबू शकते. तिला सोसायटीची वसुली थांबू देत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर या लेखनाचा अर्थ विक्रेता तेवढा भला आणि खरेदीदार तेवढा लबाड असा केला जाईल. विक्रेता बिल्डर आणि खरेदीदार कामगार असेल तेव्हा हेच माप कामगाराच्या गळ्याला लागते. भविष्यनिर्वाह निधी काढून गुंठाभर जागेचे किंवा खोलीचे साठेखत केलेला माणूस हप्ते भरीत राहतो. भाव चढताच बिल्डरची नियत फिरते. तो म्हणतो, व्यवहार रद्द, घे तुझे पैसे व्याजासह परत. त्या पैशांत आता त्याच गल्लीत मोरीसुद्धा येत नाही. करारपूर्तीचा दावा या कामगारालाही कागदावर उपलब्ध आहे. पण वकील, तारखा, अपिले यांचा भार तो किती वर्षे वाहील? अखेर नुकसानभरपाईवर समाधान मानावे तर ती करार मोडल्या दिवसाच्या भावाने निघते, निकालाच्या दिवसाच्या नव्हे.

हा दिवस कोणता धरायचा, या एका प्रश्नावर घर मिळते किंवा जाते. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात भाव असेच उसळले होते. लग्न ठरलेल्या एका जोडप्याने ६,००० पौंडांना घर ठरवले होते. व्यवहार पुरा व्हायच्या दिवशी त्याचा भाव ७,५०० आणि निकालाच्या वेळी ११,५०० पौंड झाला. विक्रेत्याच्या पत्नीने घरातील आपला हक्क नोंदवून ठेवल्यामुळे विक्री अडली होती. जुन्या मापाने जोडप्याला १,५०० पौंड मिळाले असते. न्यायाधीशांनी १९७४च्या रोट विरुद्ध टायलर या निकालात ५,५०० पौंड दिले, म्हणजे निकालाच्या दिवशी तसेच घर घेता येईल एवढे. पाच वर्षांनी हाउस ऑफ लॉर्ड्सनेही सांगितले की करार मोडल्याचा दिवस हा काही दगडावरची रेघ नव्हे. न्यायासाठी तो पुढे सरकवता येतो. त्या खटल्यात पैसे न भरणारी खरेदीदार बाई होती आणि गहाणदारांनी घर विकून टाकल्याने उघडे पडलेले विक्रेते होते. म्हणजे हे औषध विक्रेता आणि खरेदीदार दोघांनाही लागू पडते.

इंग्लंडचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. विक्रेत्याला आपली मालकी शाबीत करता आली नाही तर खरेदीदाराला सौदा बुडाल्याची भरपाई मागता येणार नाही, केवळ खर्च मिळेल, हा दंडक तेथे १७७६ सालापासून चालत आला होता. १८७४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो पक्का केला आणि १९८९ साली कायदा करून तो रद्द होईपर्यंत तो जिवंत होता. कागदपत्रांचा घोळ असलेल्या जमीनदारांची त्याने दोनशे वर्षे सोय पाहिली. आपल्या न्यायालयांनी तो स्वीकारला नाही हे बरे झाले. जमीन कोणाच्या हाती आहे त्यावर नुकसानीचे माप ठरते, एवढे मात्र त्या इतिहासातून लख्ख दिसते.

महाराष्ट्राला हा धडा परदेशातून घ्यावा लागत नाही. करार कायदा १८७२ साली झाला आणि १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे बाहेर काढून जाळली. दख्खनच्या त्या उठावात दिवाणी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांविरुद्धचा संताप होता. कर्जरोखा हा दोन समान माणसांनी राजीखुशीने केलेला करार आहे, असे मानून न्यायालये डोळे झाकून हुकूमनामे देत होती. चार वर्षांनी, १८७९ साली, परक्या सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. त्याने न्यायाधीशाला कागदामागे जाऊन व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीशाचे काम केले होते. जे व्हिक्टोरियाच्या राज्यात मान्य झाले, ते प्रजासत्ताकात २०१८ साली पुसले गेले. कागदामागे पाहू नका, हुकूम द्या, असे संसद आज न्यायाधीशाला सांगते.

काही सहकारी विचारतील, जमिनीचा बाजारच नको म्हणणाऱ्यांनी बाजारातील करारांच्या नुकसानभरपाईत का शिरावे? हा युक्तिवाद ऐकायला क्रांतिकारक आहे. त्याचा परिणाम मात्र बिल्डरला हवा तोच होतो. मजुरीची गुलामगिरी संपेपर्यंत किमान वेतनाची मागणी करू नये, असे कोणत्याही कामगार संघटनेने म्हटले नाही. वेतनाचा करारही करारच होता. कूळ आणि मालक यांचा खंडही करारच होता. १९४८च्या कूळकायद्याने त्या करारात हात घातला, तेव्हा कराराचे पावित्र्य भंगले म्हणून मालकांच्या वकिलांनी आक्रोश केला होता. कसणाऱ्याला जमीन मिळवून देणारी चळवळ, तीच जमीन साठेखताच्या वाटेने जात असता वकिलाचा पत्ता सांगून मोकळी होते, याला काय म्हणावे?

शेतकरीही कमी नसतात, एकच जमीन दोघा-तिघांना साठेखत करून देतात, असे दुसरे म्हणणे असते. देतात, हे खरे. अशा विक्रेत्याला संरक्षण द्यावे असे कोणी म्हणणार नाही. फसवणुकीचा कायदा त्याच्यासाठी आहे आणि त्याने फसवलेला खरेदीदार बहुधा लहान माणूसच असतो. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जमीन मिळण्याची खात्री नसेल तर खरेदीदार इसार देणार नाही, भाव कमी देईल आणि नुकसान शेवटी शेतकऱ्याचेच होईल. पण ज्याला जमीन खरोखर हवी आहे त्याला मुदतीत पैसे भरून ती मिळणारच आहे. भाव कमी होईल तो मुदत उलटवून बसण्याच्या सवलतीचा. ती सवलत आज फुकट मिळते म्हणून तिची मागणी आहे.

मागणी काय करावी? जो स्वतः कसण्यासाठी किंवा राहण्यासाठी घेतो त्याला जमीन अथवा घर मिळाले पाहिजे. ते देणे अशक्य झाले असेल तर निकालाच्या दिवशी तसेच दुसरे घेता येईल एवढी रक्कम मिळाली पाहिजे. जो विकण्यासाठी घेतो त्याच्यासाठी जमीन हा माल आहे. लहान शेतकऱ्याकडून करार मोडला गेल्यास त्याला दिलेले पैसे, व्याज आणि शाबीत झालेला खर्च परत मिळावा. भाववाढीवर त्याचा हक्क नाही आणि जमिनीवरही नाही. त्याने करारपूर्तीचा दावा आणायचाच असेल तर दावा दाखल करतानाच उरलेली सारी रक्कम न्यायालयात भरावी. शेतजमिनीच्या साठेखतात मुदत हा कराराचा गाभाच समजला जावा. आणि खरेदीदाराने करार मोडला तर बाजारभावाच्या फरकावर न थांबता शेतकऱ्याचे बुडालेले इसार, चढलेले व्याज, गेलेला हंगाम हे सारे नुकसानीत धरले जावे.

हे सारे दिल्लीच्या हातात आहे, असे सांगून मंत्रालयातून शिष्टमंडळांना परत पाठवण्याची पद्धत आहे. ती सबब येथे चालणार नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत करार हा विषय आहे. परंतु सातव्या नोंदीत शेतजमिनीसंबंधीचे करार त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. शेतजमिनीचे हस्तांतर राज्यसूचीच्या अठराव्या नोंदीत आहे. सावकाराने लबाडीने लिहून घेतलेली जमीन शेतकऱ्याला परत करण्याचा अधिकार निबंधकाला देणारा २०१४चा सावकारी नियमन कायदा महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने केला. शेतजमिनीच्या साठेखतातील नुकसानभरपाईचे माप ठरवणारे विधेयक याच विधिमंडळात मांडता येते. डाव्या आणि समाजवादी आमदारांपैकी कोणीही अशासकीय विधेयक म्हणून ते आणू शकतो.

विधेयक येईपर्यंत एक काम तालुक्याच्या गावी आजच करता येण्यासारखे आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९८१ साली एका शेताच्या भागीदाराचा दावा निकाली काढला. भागीदारी मोडताना दुसऱ्याने त्याला १०,००० पौंड द्यायचे कबूल केले होते; त्या पैशांतून हा दुसरी मालमत्ता घेणार हे त्याला माहीत होते. पैसे पुरते आले नाहीत आणि दुसऱ्या खरेदीपायी याला जादा व्याज व खर्च सोसावा लागला. केवळ व्याज देऊन सुटका नाही, हे नुकसानही भरून दिले पाहिजे, कारण ते करार करतानाच ठाऊक होते, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या ७३व्या कलमाचे शब्दही तेवढ्याला पुरे पडतात. म्हणून साठेखतात विक्रेत्याच्या बाजूने तीन वाक्ये घालून घ्यावीत: सोसायटीचे अमुक कर्ज फेडण्यासाठी आणि अमुक गावची अमुक गटाची जमीन घेण्यासाठी ही विक्री आहे, ठरलेल्या तारखेला रक्कम न आल्यास होणारे नुकसान खरेदीदारास माहीत आहे, मुदत हा या कराराचा गाभा आहे. इसार किती आणि हप्ता किती, हे आकड्यांत व अक्षरांत वेगवेगळे लिहून घ्यावे आणि दस्त नोंदवूनच घ्यावा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयासमोर मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलाजवळ आठवड्यातून एक दिवस बसणारा कार्यकर्ता प्रत्येक तालुक्याने नेमावा. छापील मसुद्यावर अंगठा उमटण्याआधी तो मसुदा त्याने मोठ्याने वाचून दाखवावा.